उजवं दार

व्यंकटेशनं दाराच्या तीन कडा ब्लेडनं कापल्या आणि चौथी नखानं दुमडली. दार उघडलं, मिटलं. कागदाची लॉरी वीतभर लांब, दार अंगठ्याएवढं.

चार महिने चाललं होतं हे. दिवसभर कारखान्यात नकाशे उतरवायचे आणि मल्लेश्वरमला घरी आलं की परत ब्लेड. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे. टायरांना जुन्या लग्नपत्रिका, ताडपत्रीला ट्रेसिंगचं कापड, चिकटवायला मैद्याची खळ. मापं ॲव्हेन्यू रोडवर मिळालेल्या, फौजी गाड्यांच्या एका फाटक्या पुस्तकातली.

सगळं आईसाठी, सावित्रीबाईंसाठी. थोरला भाऊ भीमसेन लढाईत अशीच लॉरी चालवायचा. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात ती पुराच्या नदीत गेली. ना लॉरी सापडली, ना तो. सरकारी कागदावर नुसतं ‘बेपत्ता’. बारा वर्षं उलटली तेव्हा घरचे पुरोहित भीमाचार्य येऊन सांगून गेले, पळसाच्या देठांचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, त्याची वाट मोकळी होऊ दे. त्यालाही पाच वर्षं झाली. सावित्रीबाई विषयच निघू देत नव्हत्या.

"दार उघडून उडी मारली असणार त्यानं," त्या म्हणायच्या. "पोहणारा पोरगा तो."

मग मोतीबिंदूनं दिसेनासं झालं, तेव्हा एकदाचं म्हणाल्या, ती गाडी कशी होती ते मला हाताला कळू दे. मग बघू.

अहल्या कॉफी घेऊन आली. भीमसेनची बायको. कपाळावर सतरा वर्षं तसंच कुंकू.

"झाली?"

"झाली, वैनी. स्वल्प वाळू दे. हे बघा, दारसुद्धा उघडतंय."

तिनं पेला खाली ठेवला. ते दार बोटानं मिटवलं.

"हे ड्रायव्हरचं ना?"

"हो. उजवं."

"खळ उरलीय का?"

"आहे की. का?"

"चिकटवून टाक ते."

तो हसला. "चार दारं फुकट गेली, तेव्हा कुठं हे उघडलं."

"त्यांचं उघडत नव्हतं."

व्यंकटेशनं वर बघितलं.

"शेवटच्या पत्रात लिहिलं होतं. कुठं तरी आदळून दार बसलंय, मला उतरायचं तर आधी शेजारच्याला उतरवावं लागतं. गंमत म्हणून लिहिलेलं. आईंना पत्र मीच वाचून दाखवलं, तेवढी ओळ सोडून. उगाच काळजी करतील म्हणून. पंधरा दिवसांनी तार आली. मग सांगायला तोंड राहिलं नाही."

"म्हणजे तुम्ही इतकी वर्षं वाट..."

"मी कुठली बघत होते. त्या बघायच्या, म्हणून सोबत."

त्यानं ब्रश खळीत बुडवला, कडांवरून फिरवला. अहल्यानं अंगठ्यानं दार दाबून धरलं. कॉफी गार झाली तरी तिनं अंगठा काढला नाही.

मग तीच लॉरी घेऊन आत गेली. सावित्रीबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी गाडी मांडीवर घेतली. बोटं बॉनेटवरून गेली, चाकं मोजली, ताडपत्रीवर थांबली. मग पुढं सरकून दाराशी आली. त्यांनी फटीत नख घातलं. परत घातलं.

"व्यंकू, हे बसलंय रे."

व्यंकटेशनं अहल्याकडं बघितलं.

"तसंच होतं, आई," अहल्या म्हणाली. "त्यांनी लिहिलं होतं मला. मी वाचलं नाही तुमच्यापुढं."

नख फटीतच राहिलं. शेजारी कुणी तरी पंप मारत होतं; तो आवाज थांबला, तरी सावित्रीबाई तशाच.

"तुला ठाऊक होतं तर."

"हो."

"सरी, बरं तर," त्या हळू म्हणाल्या. मग फटीतलं नख काढून घेतलं. "व्यंकू, भीमाचार्य गुरुवारी मोकळे आहेत का विचारून ये."

त्यानं चपला घातल्या. मागं खाट करकरली. सावित्रीबाई भिंतीकडं सरकल्या होत्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटत होत्या.

"बस गं जरा," त्या सुनेला म्हणत होत्या. "दमली असशील."