डावीकडे चौदा वेळा

नोकरी गेल्यावर पहिले दोन महिने माणूस ‘सध्या ब्रेक घेतलाय’ असं सांगतो. तिसऱ्या महिन्यापासून लोक विचारायचं बंद करतात, त्यामुळे सांगायची कटकटही मिटते. मी सातव्या महिन्यात होतो. वय एकोणपन्नास आणि बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचा अनुभव चोवीस वर्षं. बायोडेटात यातला दुसरा आकडा वाचायच्या आधी लोक पहिल्यापाशीच थांबत.

तोवर अकरा कंपन्यांनी माझ्यात रस घेऊन झाला होता. एकीने चार फेऱ्या घेतल्या. चौथ्या फेरीत माझ्या निम्म्या वयाच्या साहेबाने विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” मी म्हटलं, “चष्म्याच्या दुकानात.” त्याने ते लिहून घेतलं.

बारावी कंपनी खरी होती. म्हणजे तिच्यात जागा खरोखर रिकामी होती आणि भरतीचं पाहणारी बाई फोनवर माणसासारखी बोलायची. “सर, तुमच्यासारखा अनुभव हवाच आहे आम्हाला. फक्त ती ऑनलाइन टेस्ट तेवढी काढा. सगळ्यांनाच आहे ती.”

नव्वद मिनिटं, तीन प्रश्न आणि पर्यवेक्षक म्हणून एक प्रोग्राम, जो लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून तुमच्याकडे बघत बसतो. सुरुवातीला लॅपटॉप उचलून त्याला चारी भिंती, टेबलाखालची जागा आणि छत दाखवायचं. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको. नजर पडद्यावरून हलता कामा नये.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टेबल, आतल्या खोलीत बाबा. बाबांची फुप्फुसं दीड वर्षापासून नोटीस पीरियडवर होती, आणि ती वेळ खोकून काढत होती. अकराव्या कंपनीची अशीच टेस्ट त्या खोकल्याने घालवली. चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं आली : ‘दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला. परीक्षा समाप्त.’

हे बाबांना सांगायचं नव्हतं. पण चौतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये येरझारा घातलेल्या मास्तरला खुर्ची मागे सरकल्याच्या आवाजावरून पेपर कसा गेला ते कळतं.

“कोणी काढून घेतला?” त्यांनी आतून विचारलं.

“मशीनने.”

“नियम काय आहेत त्याचे? वाच बघू.”

मी वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते.

“चोख आहेत,” ते म्हणाले. “छत तपासायचं मला कधी सुचलं नाही रे.”

बाबांनी एकदा सख्ख्या बहिणीच्या मुलाचा पेपर काढून घेतला होता, संपायला दहा मिनिटं असताना. शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावला म्हणून. आत्याने पुढे सहा वर्षं आमच्या घरचा चहा घेतला नाही. बाबांचं म्हणणं एवढंच, “वर बघणारा विचार करत असतो. बाजूला बघणारा कॉपी करतो. वर बघितलं असतं तर मी सोडलं असतं.”

बाराव्या कंपनीच्या टेस्टच्या दिवशी बायकोला रजा मिळाली नाही. ती एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासते, आणि रक्त कोणासाठी थांबत नाही, असं तिचा साहेब म्हणतो. शेजारच्या काकू बाबांजवळ बसायला तयार होत्या, पण नव्वद मिनिटं गप्प बसणं आपल्याला जमणार नाही, हे त्यांनीच मोठ्या मनाने कबूल केलं. मग बायकोने बाजारातून बिनतारी बेल आणली. बटण बाबांच्या उशीजवळ चिकटवलं आणि बेल बाहेर माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला अडकवली.

“बाबा, काहीही वाटलं तरी हे दाबायचं. संकोच करायचा नाही.”

“पेपर किती वाजता?”

“अकराला. पण ते तुम्ही डोक्यात ठेवू नका.”

“म्हणजे साडेबारापर्यंत.”

“बाबा, मी काय सांगतेय?”

“ऐकलं गं बाई. दाबीन.”

चपला घालताना तिने मला विचारलं, “बेल वाजली तर उठशील ना?”

“हा काय प्रश्न झाला?”

“सोपा आहे. उत्तर दे.”

“उठेन.”

अकराला पाच कमी असताना मी आत डोकावलो. बाबा उशीला टेकून बसले होते. तोंडाशी टॉवेल तयार होता. हाताने मला जा जा करत म्हणाले, “तू पेपर लिही. मी आहे. आणि दार सावकाश लाव. पेपर चालू असताना दार आपटत नाहीत.”

पहिला प्रश्न सोपा होता. दुसरा प्रश्न उमेदवाराला त्याचं वय आठवावं म्हणून घातलेला होता, तरी सुटला. पन्नासाव्या मिनिटाला आत काहीतरी पडलं. फार मोठा आवाज नव्हता. दोरीवरून ओला टॉवेल पडावा, तसा.

मी डावीकडे पाहिलं. दार बंद होतं. पडद्यावर पिवळी पट्टी आली : ‘कृपया समोर पहा.’ मी समोर पाहिलं. बेल वाजली नव्हती. काही झालं असतं तर वाजली असती. पुढची चाळीस मिनिटं मी हेच स्वतःला सांगत कोड लिहिला, आणि खरं सांगायचं तर चांगला लिहिला.

बाबा पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत जमिनीवर होते. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. टॉवेलचं टोक त्यांनी दातांत घट्ट धरलं होतं. बटण उशीवरून उपटून मुठीत घेतलं होतं आणि अंगठा त्यावरून बाजूला ठेवला होता, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.

टॉवेल सुटल्यावर आधी ते खोकले. किती वेळ. मग म्हणाले, “झाला पेपर?”

“झाला.”

“सगळे सोडवलेस?”

“तिन्ही.”

“पुन्हा तपासलंस का?”

“बाबा, हाक का नाही मारली?”

“पेपर चालू होता ना,” ते म्हणाले. हा मुलगा कधी सुधारणार, अशा आवाजात.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात डॉक्टर हाडाबद्दल बोलतात आणि फुप्फुसांकडे बघतात. बायकोने मला काही विचारलं नाही. ती संध्याकाळी कपडे न्यायला घरी आली, बाबांच्या खोलीत गेली आणि तिने बटण दाबून पाहिलं. बेल वाजली. ती कपडे घेऊन निघून गेली.

नवव्या दिवशी बाबा गेले. आत्या आली. भावाच्या पायाशी बसून एवढंच म्हणाली, “दादा, इतकं कडक कशाला राहायचं रे?”

पुढच्या आठवड्यात भरतीवाल्या बाईचा फोन आला.

“सर, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोड बघून आमचे सीनियर तर खूशच झाले. पण रिपोर्टमध्ये एक आलंय. तुम्ही डावीकडे चौदा वेळा पाहिलंत. त्यामुळे सिस्टीमने बाद केलंय. डावीकडे काय होतं, सर?”

“दार.”

“आणि दाराच्या मागे?”

“वडील.”

“म्हणजे घरात दुसरी व्यक्ती होती?”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. समोर फॉर्म असणार आणि फॉर्मात तसा रकाना असणार. मी सांगितलं. पडले, आणि नंतर गेले, एवढंच. ती म्हणाली, “मी बोलते वर.”

चौदा वेळा बाजूला. बाबांनी तिसऱ्याच खेपेला पेपर ओढून घेतला असता. चौदा वेळा पाहिलं ते रिपोर्टमध्ये होतं. एकदाही उठलो नाही, ते कुठेच नव्हतं.

ती खरंच वर बोलली. भांडली असावी. अपवाद म्हणून मला पुन्हा एक टेस्ट मिळाली. तारीख सांगून झाल्यावर ती अडखळली. “सर, या वेळी घरात... म्हणजे, शांतता असेल ना?”

“असेल,” मी म्हटलं.

या वेळी बायकोला रजा मिळाली. नियमात बसावं म्हणून ती बाहेर जिन्यावर जाऊन बसली. मी लॅपटॉप उचलला. भिंती दाखवल्या, टेबलाखालची जागा दाखवली, छत दाखवलं. डावीकडे वळवल्यावर पट्टी आली : ‘उघडं दार आढळलं. पलीकडे कोणी नसल्याची खात्री करा व दार बंद करा.’

ते दार आम्ही त्या दिवसापासून लावलं नव्हतं. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

मी लॅपटॉप ठेवला आणि जाऊन खात्री केली. भाड्याने आणलेला पलंग परत गेला होता. फरशीवर त्याच्या चार पायांचे चार डाग होते. खिडकीच्या कठड्यावर बटण होतं. टॉवेल धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेला.

बाहेर पडद्यावर घड्याळ उलटं मोजायला लागलं होतं. मी दार ओढून घेतलं. सावकाश, कडीचा आवाज होऊ न देता.