ठिपक्यांतली झोळी

"पुसायला घरी फरशी आहे, उत्कर्षाबाई. इथे आधी बघायचं," असं ऑफिसच्या प्रमुख मंदाकिनी मॅडम माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या. उत्कर्षाने हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, मी एक जुना लेझर स्कॅनर. तीन पायांवर उभा राहून मी मान गोल फिरवतो, किरण फेकतो. तो भिंतीला, खांबाला लागून परतला की एक ठिपका उमटतो. अशा लाखो ठिपक्यांची इमारत संगणकावर दिसते. मी खोक्यातून निघालो तेव्हा ऑफिसात नारळ फोडला होता! पुण्यात खराडीला आयटीच्या इमारती भराभर उठत होत्या. मला उसंत नव्हती.

माझ्या चित्रात माणसं, गोण्या, वाळत घातलेले कपडेही येत. त्याला ऑफिसात 'कचरा' म्हणत. तो पुसायचं काम उत्कर्षाचं. तिची तान्ही मुलगी कात्रजच्या पाळणाघरात. तिचं अर्धं लक्ष फोनकडे.

एकदा स्लॅब ओतण्याआधी मी त्याखालचे टेकू टिपले. दोन टेकूंच्या मध्ये चंद्रकोरीसारखा पुंजका आला. उत्कर्षाने पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिपले, तर पुंजका तिथेच, आणि ते दोन्ही टेकू कालच्यापेक्षा कललेले. पुसता पुसता तिचा हात थांबला. कोरीच्या कडा फिसकटल्या होत्या. हलणारी वस्तू माझ्या चित्रात अशीच फिसकटते.

हे झुलतंय!

तिने साइटवर सुपरवायझरला फोन लावला. "मच्छिंद्र, टेकूंना झोळी बांधलीय! काँक्रीट थांबवा."

"मॅडम, मिक्सर गेटवर उभाय. फडक्यासाठी स्लॅब अडवू?"

"त्या फडक्यात बाळ आहे हो! आधी खाली जा. उचला त्याला, मग बोला."

फोन चालूच होता. पावलं धावली. उत्कर्षा उभीच. शेवटी बाळाचं रडणं ऐकू आलं.

पाठोपाठ बाळाच्या आईचा, सरुबाईचा आवाज आला, "मग काय उन्हात निजवू त्याला? हितं गार हाय."

टेकू नीट बसवून मगच स्लॅब ओतला. ऑफिसात माझं कौतुक झालं. झोळी तिथून काढली. पण ती कुठे बांधायची, हे सरुबाईला कुणीच सांगितलं नाही.

आता माझी बॅटरी फुगलीय. मी कपाटात असतो आणि मला काही दिसत नाही. सरुबाईने झोळी पुढे कुठे बांधली असेल, तेवढीच गोष्ट जिवाला लागून राहते.

मित्रांनो, घराजवळ इमारत उठत असेल तर मोठ्यांना घेऊन फाटकाशी जा. आत शिरू नका. बायका कामावर असताना त्यांची लेकरं कुठे निजलीत, एवढं विचारा. "असतील तिकडे कुठेतरी," असं उत्तर आलं, तर परतू नका. कुणीतरी बघून येईपर्यंत तिथेच थांबा.