तिसरं कुलूप

आमच्या सेरात गावच्या चर्चमध्ये लाकडाची मारिया आहे, मांडीवर पोर घेऊन बसलेली. तिच्यापुढच्या लोखंडी जाळीला तीन कुलपं आहेत आणि त्यांच्या किल्ल्या गावातल्या तीन घरांकडे. तिन्ही घरांचं माणूस हजर असल्याशिवाय जाळी उघडत नाही, आणि किल्ली फिरवताना आपल्या घराचं नाव मोठ्यानं सांगावं लागतं. पुढे जे काही बरंवाईट होईल ते त्या घराच्या माथी. आमच्या डोंगरात आडनाव फक्त कागदावर लागतं, माणूस घराच्या नावानंच ओळखला जातो. मी रेमेई, तोर्त घरची. वय बहात्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

त्या मंगळवारी सकाळी शहरातून पांढरी व्हॅन आली. संग्रहालयाच्या मिरेयाबाई उतरल्या, त्यांच्यामागून हत्यारांची पेटी घेऊन ओलेगेर नावाचा एक मिस्त्री. बाईंच्या हातात सहीशिक्क्याचा कागद होता. रोमनेस्क काळातली, आठशे वर्षांची दुर्मिळ मूर्ती, इथे ओल आहे, तेव्हा सुरक्षिततेसाठी तात्पुरती शहरात हलवावी.

तात्पुरती! हा शब्द ऐकला की माझं टाळकंच फिरतं. शंभर वर्षांपूर्वी शहरातून आलेल्या लोकांनी माझ्या आजोबांनाही हेच सांगितलं होतं. भिंतीवरच्या चित्रांची नक्कल काढायचीय, कापड चिकटवू, वाळलं की काढू. तेव्हा चर्चच्या दाराची किल्ली आमच्याकडे होती. आजोबांनी "तोर्त घर" असं खणखणीत सांगून दार उघडलं. आजीनं तीन आठवडे त्या लोकांना कोबी-बटाट्याचा रस्सा आणि घरचं सॉसेज वाढलं, पाहुणे उपाशी कसे ठेवायचे म्हणून. कापड वाळलं, त्यांनी ओढलं, आणि अख्खा रंग कापडासकट निघून आला. संत, देवदूत, सगळे गुंडाळून खेचरांवर घालून नेले. आता त्या जागी प्रोजेक्टरनं उजेडाची चित्रं पाडतात आणि पर्यटक टाळ्या वाजवतात. शाळेत मला पोरं "भिंतविके तोर्त" म्हणून चिडवायची. मी दोघांचे दात पाडले होते, पण खोटं बोलत नव्हती ती.

"आजी, उगाच वेळ नको घालवूया," मिरेयाबाई म्हणाल्या. "बाकी दोन घरांनी होकार दिलाय."

"तुमची आजी कुठे असेल तिथे सुखात असो. मी रेमेई."

तीन घरांपैकी ब्रिंगे घर विकलं गेलं होतं. नव्या मालकांनी किल्ली पाकिटात घालून संग्रहालयाला पाठवून दिली होती. मिरेयाबाईंनी ती जाळीच्या पहिल्या कुलपाला लावली आणि फिरवली. तोंडातून शब्द नाही. आठशे वर्षांत ते कुलूप पहिल्यांदाच मुक्यानं उघडलं.

मग गाउसा घरचा एउदाल्द पुढे झाला. आम्ही दोघं एकाच बाकावर शिकलो. चर्चचं छप्पर नीट करून देऊ असं त्याला सांगितलं होतं, म्हणून त्यानं सही केली होती. त्यानं किल्ली फिरवली आणि काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

"गाउसा," तो म्हणाला. "झालं का समाधान? छप्पर गळतंय रेमेई! मूर्ती कुजून जाईल त्यापेक्षा..."

"म्हणजे छप्पर दुरुस्त होणार आणि त्याच्याखाली काय ठेवणार, तुला बसवायचं?"

ओलेगेर खाली बघून हसला. एउदाल्द नाही हसला.

"तुमची किल्ली, रेमेईबाई," मिरेयाबाई म्हणाल्या.

"नाही देणार. आमच्या घरानं एकदा उघडलंय. तेवढं पुरे."

"मग कुलूप कापावं लागेल. कागदात तशी परवानगी आहे. ओलेगेर, मशीन काढा."

त्यानं मशीन काढलं, वायर जोडली. त्या मशीनपुढे बहात्तर वर्षांची बाई काय करणार? मी मारियाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कधीच दया नसते, नुसतं बघत असते. मी जाळीला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला व्हा, मावशी," ओलेगेर म्हणाला. "ठिणगी उडेल."

बोलण्याचा हेल आमच्याकडचाच होता.

"कुठला रे तू?"

"अर्देनचा."

अर्देन म्हणजे घाटाच्या पलीकडचं गाव. तिथेही अशीच जाळी, अशीच कुलपं.

"मग तुला पद्धत ठाऊक आहे. होते मी बाजूला. कुलूप उघडणाऱ्यानं घराचं नाव सांगायचं, तोडणाऱ्यानंही सांगायचं. कोणत्या घरचा तू? बोल मोठ्यानं आणि लाव मशीन."

मी खरंच बाजूला झाले. ओलेगेरनं मशीन उचललं. तोंड उघडलं, मिटलं.

"अहो, काय फरक पडतो? काहीतरी सांगून टाका," मिरेयाबाई वैतागल्या.

"काहीतरी कसं सांगू, मॅडम? घरी आई आहे. दोन मुली आहेत." त्यानं मशीन खाली ठेवलं आणि बाईंपुढे सरकवलं. "तुम्हीच कापा. बटण इथे आहे."

बाईंनी मशीनला हात लावला नाही. "ठीक आहे. गुरुवारी शहरातून माणूस आणते. त्याला असली घरंबिरं नाहीत."

"आणा," मी म्हणाले. "त्यालाही विचारू. नाही सांगितलं, तर त्याच्या वतीनं तुमचं नाव घेऊ. नाव, आडनाव, दोन्ही. रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर, मी जिवंत आहे तोवर."

"आणि ती गेल्यावर मी घेईन," एउदाल्द म्हणाला.

मी वळून पाहिलं. म्हातारा जाळीपाशी गेला होता. त्यानं किल्ली उलटी फिरवली, कुलूप ओढून पाहिलं, आणि सगळ्या भिंती घुमतील अशा आवाजात ओरडला, "गाउसा घर! बंद!"

"तुम्ही सही केलीय," मिरेयाबाई म्हणाल्या.

"कागदावर केलीय. कागद न्या."

ब्रिंगे घरची किल्ली पर्समध्ये टाकून बाई व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. त्यांचं ते एक कुलूप उघडंच लोंबकळत राहिलं. उरलेल्या दोन कुलपांसमोर आम्ही दोघांनी बाक ओढून घेतला आणि गुरुवारची वाट बघत बसलो.