डाव्या पायाचा अर्धा इंच

दत्तोबा शिंप्याला मापं ओरडून सांगायची खोड होती. इंदापूरच्या पेठेत त्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून तो आकडा खणखणीत आवाजात म्हणायचा, आणि आत मशीनपाशी बसलेली त्याची बायको चंद्राबाई तो वहीत टिपून घ्यायची. कुणाची ढेरी यंदा किती सुटली, हे त्यामुळं सगळ्या पेठेला घरबसल्या कळायचं. फक्त एका माणसाचं माप त्यानं कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ते जोतीरामचं.

जोतीराम टपालाची थैली घेऊन गावोगाव पळायचा. त्याच्या खाकी विजारी दत्तोबाच शिवायचा. पहिल्याच विजारीला दत्तोबाच्या ध्यानात आलं होतं, की गड्याचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच आखूड आहे. तो काही बोलला नाही. डावा पाय अर्धा इंच कमी बेतला, आणि पुढं दहा वर्षं तसंच केलं. चंद्राबाईला तेवढा आकडा तो कानात सांगायचा. जोतीरामला स्वतःला कशाचा पत्ता नव्हता. विजार अंगात बसते आणि आपण वाऱ्यासारखं पळतो, एवढंच त्याला ठाऊक.

छत्तीस सालच्या माघात बारामतीला धावण्याच्या, उड्यांच्या नि गोळाफेकीच्या शर्यती भरल्या. तिथून निवडलेले गडी पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जायचे होते. निवड करायला पुण्याहून एक डॉक्टर आले होते. त्यांच्याजवळ एक विलायती पुस्तक होतं. धावणाऱ्याची तंगडी केवढी असावी, गोळा फेकणाऱ्याची छाती केवढी असावी, सगळं त्यात छापलेलं. म्हणजे नुसतं जिंकून भागणार नव्हतं, अंगही त्या पुस्तकात बसायला हवं होतं. मापं घ्यायला जाणता माणूस पाहिजे म्हणून मुद्दाम दत्तोबाला बोलावणं आलं. तो नवा कोट चढवून निघाला, तेव्हा लग्नातही तुम्ही एवढे नटला नव्हता, असं चंद्राबाईनं ऐकवलंच.

सकाळी तीन मैलांच्या शर्यतीत जोतीराम पहिला आला. दुसरा पोचेपर्यंत हा तोंड धुऊन झाडाखाली बसला होता. मग मापं सुरू झाली. सांगवीचा सावळाराम गोळा फेकायचा. त्याच्या छातीभोवती टेप फिरवायला दत्तोबाला त्याला मिठीच मारावी लागली. उंच उडीवाला एकजण इतका लांबोडका, की त्याच्यासाठी स्टूल आणावं लागलं. लोक हसत होते, दत्तोबा आकडे पुकारत होता. डॉक्टर म्हणाले, "वा मास्तर, हात साफ आहे तुमचा." झालं. मास्तर म्हटल्यावर गडी असा फुगला, की त्याचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागला.

आता शिंपी माणूस एकाच पायाचं माप घेतो आणि दुसरा तेवढाच धरतो. दत्तोबानं सगळ्यांचा उजवा पाय तेवढा मोजला होता. पण जोतीराम समोर उभा राहिला आणि दहा वर्षांच्या सवयीनं टेप दोन्ही पायांवर फिरली. तोंडालाही ओरडायची सवय होतीच, आणि आज ते रंगातही आलं होतं.

"उजवा चाळीस. डावा साडेएकोणचाळीस."

डॉक्टरांनी मान वर केली. पुन्हा मोजायला लावलं. तेच भरलं. बांध्यातच दोष आहे, हा पुण्याला टिकायचा नाही, असं म्हणून त्यांनी जोतीरामचं नाव खोडलं आणि दुसऱ्या आलेल्याचं लिहिलं. जोतीराम खाली वाकून आपल्याच पायांकडं बघत राहिला.

दत्तोबाला तेव्हाच बोलता आलं असतं. चाळीस वर्षांच्या धंद्यात दोन्ही बाजूंनी सारखा असा माणूस त्यानं पाहिला नव्हता. कुणाचा खांदा उतरता, कुणाचा हात लांब, आणि शिंपी ते कापडात झाकतो. साहेब, बाकीच्यांचेही डावे पाय मोजा, एवढंच म्हणायचं होतं. पण नुकतंच मास्तर म्हणणाऱ्या माणसाला उलट कसं बोलायचं? त्यानं टेप गुंडाळून कोटाच्या खिशात घातली. वर संयोजकांनी दिलेले पेढेही खाल्ले.

घरी चंद्राबाईनं सगळं ऐकून घेतलं. मी बाईमाणूस, दहा वर्षं पोटात ठेवलं, आणि तुम्हाला एक दिवस धीर निघाला नाही, एवढंच ती बोलली.

महिन्याभरानं जोतीराम खाकी कापड घेऊन दुकानात आला. येताना तो लंगडत होता. दहा वर्षं पळणारा माणूस पायरी चढताना डावं पाऊल जपून टाकत होता. दत्तोबाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"जोतीबा, कुणाचंच पाय सारखं नसत्यात रं," तो कसाबसा म्हणाला. "मी जल्मभर बघतुया."

"मंग त्या दिशी का न्हाय बोलला, तात्या?"

जोतीरामच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच ते कळत नव्हतं. दत्तोबानं खाली बसून टेप लावली. उजवा पाय मोजला, डावा मोजला. आत चंद्राबाई पेन्सिल धरून थांबली होती. पण आकडा काही दत्तोबाच्या तोंडून फुटेना. पेठेतून माणसं येत-जात होती.

शेवटी जोतीरामनंच आत तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "लिवा काकू. उजवा चाळीस. डावा साडेएकोणचाळीस."