सरासरीचं पाणी

वरून फोन आला की पर्यावरण परवाना कार्यालयात खालच्यांचे हात आपोआप चालू लागतात. त्या दिवशीही तसंच झालं. खत कारखान्याला उत्पादन वाढवायचं होतं, म्हणजेच नदीत दुप्पट सांडपाणी सोडायचं होतं. परवाना अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलंही होतं.

"थांबा," कायदा विभागातल्या बाई म्हणाल्या. निवृत्तीला टेकलेल्या, पण जीभ अजून धारदार. "पाणी कायदा काय सांगतो? नदीतलं प्रदूषण आधीच मर्यादेबाहेर गेलं असेल, तर नव्याने काही सोडायला परवानगी देता येत नाही. मग प्रकल्प कितीही मोठा असो."

"बाई, वर्षाची सरासरी बसते मर्यादेत."

"सरासरी पाणी कोण पितं हो? उन्हाळ्यात नदी आटते आणि उरतं ते कारखान्याचंच. लोक त्या दिवशीचं पाणी पितात!"

"तुमचं आपलं नेहमीचंच, दुधात मिठाचा खडा," तो हसला आणि त्याने सही ठोकली.

उन्हाळ्यात एका दुपारी त्याला थोरल्या बहिणीचा फोन आला. ती नदीच्या खालच्या अंगाला राहायची. तिच्या सुनेचं तान्हं बाळ निळं पडलं होतं. तो तडक रुग्णालयात पोचला, तेव्हा बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ओठ, नखं, सगळं शाईत बुडवल्यासारखं.

"पावडरचं दूध कोणत्या पाण्यात कालवत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नदीवरच्या नळाचं. पण खळखळून उकळून देत होते हो मी!" ताई म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घातली. "पाण्यात नायट्रेट आहे. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. मोठ्यांना लगेच बाधत नाही, पण बाळाच्या रक्तातला प्राणवायूच तोडतं."

संध्याकाळ व्हायच्या आत बाळ गेलं.

व्हरांड्यातल्या बाकावर ताईने त्याचा हात घट्ट धरला. "तू त्याच ऑफिसात आहेस ना रे? विचार ना त्यांना, कारखान्याला हे असलं नदीत सोडायची परवानगी दिली तरी कुणी?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"मी दिली, ताई."

ताईने आपला हात काढून घेतला.

कार्यालयात जाऊन तो थेट कायद्याच्या बाईंसमोर उभा राहिला. "मी दिलेला परवाना रद्द करायचाय. काय करू?"

"हरित लवादापुढे खरं सांगावं लागेल. आणि नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

"सोडलं!"

लवादापुढे त्याने स्वतःच्याच सहीविरुद्ध साक्ष दिली. नदी आधीच मर्यादेबाहेर होती, हे आपल्याला ठाऊक होतं, असं सांगितलं. परवाना रद्द झाला. त्याला निलंबित केलं. ताईच्या घराचं दार मात्र त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, आणि त्याबद्दल त्याने कधी कुरकुरही केली नाही.

वाचकहो, परवाना टेबलावर मंजूर होतो, पण तो वाहत वाहत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पोचतो. पाण्यासाठी कायद्याने आखलेली रेघ आपल्यातल्या सर्वांत लहान जिवाकडे बघून आखलेली असते. सही करणाऱ्याने ती ओलांडू नये. आणि तो ओलांडत असेल, तर तुम्ही-आम्ही गप्प बसू नये!