कमलाक्षीची साक्ष

राजवाड्यामागच्या गल्लीत शहाजीरावांइतका निरुपद्रवी माणूस दुसरा नव्हता. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. पाऊस पडेल का असं कुणी विचारलं तरी आधी आजूबाजूला बघून मग "बघू या" म्हणणारे. लग्नाला पंचवीस वर्षं उलटली, पण बायकोच्या रसमला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही की तिचं कौतुकही केलं नाही. त्यामुळे रसम त्यांना आवडतं की नाही, हे कमलाक्षीला कधी कळलंच नव्हतं.

ते कळलं इस्पितळात. तिरुवैयारुकडचा कालवा पाहून मोपेडवरून परतताना एका खाजगी बसने त्यांना मागून उडवलं होतं. डोकं मैलाच्या दगडावर आपटलं होतं. बरेच दिवस बेशुद्धीत गेल्यावर एका सकाळी त्यांनी डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगो, तू रसमात चिंच फार घालतेस."

कमलाक्षी आनंदाने रडली. नवरा बोलला, हे तिने येईल त्याला सांगितलं. काय बोलला ते मात्र सांगितलं नाही. झाकण्याची सुरुवात तिथूनच झाली.

हाडं जुळली, टाके निघाले, शहाजीराव ऑफिसात रुजू झाले. तिसऱ्याच दिवशी इंजिनियरसाहेबांच्या बैठकीत, कंत्राटदारांसमोर, कोणता बांध नदीवर आहे आणि कोणता फक्त कागदावर, हे त्यांनी ओळीने सांगितलं. साहेबांनी त्यांना प्रेमाने घरी सोडलं आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत येऊ नका म्हणून बजावलं. मग एका लग्नात ते स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या वडिलांना म्हणाले, "तुमचा केसांचा टोप डावीकडे सरकलाय." दारावर येणाऱ्या विक्रेत्यांची तर दिवाळीच झाली. तेव्हा नव्या नव्या कंपन्यांची पोरं टाय लावून गल्लोगल्ली हिंडत. शहाजीराव त्या प्रत्येकाला आत बोलवत, कॉफी पाजत आणि हप्त्यांच्या कागदावर सही करत. कार्पेट नसलेल्या घरात कार्पेट साफ करायची दोन यंत्रं आली.

हे सगळं निदान सांगण्यासारखं तरी होतं. ते गॅस उघडा ठेवून फिरायला जात, घराची वाट विसरून पेरिया कोविलच्या मोठ्या देवळापाशी बसून राहत, क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावत, हे ती कुणालाच सांगत नसे. कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

बसच्या विमा कंपनीलाही हेच उत्तर सोयीचं पडलं. माणूस चालतो, बोलतो, जेवतो; मग नुकसानभरपाई कसली? इस्पितळाचा खर्च घ्या आणि मोकळे व्हा.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाळकृष्णरावांची मुलगी विनुता मद्रासला वकिलीचं शिकून आली होती आणि कोर्टातल्या मोफत कायदा मदत केंद्रात बसत असे. तिने कागद वाचले, त्रिचीच्या मेंदूच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणवलं आणि दावा लावला. मग ती कमलाक्षीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"काकी, सर्टिफिकेट एकटं पुरायचं नाही. हात तुटला असता तर तो कोर्टाला दिसला असता. काकांची जखम डोक्याच्या आत आहे. ती तुम्हालाच दाखवावी लागेल."

"म्हणजे भर कोर्टात मी नवऱ्याला वेडा म्हणू?"

"वेडा नव्हे. मेंदूला मार लागलाय त्यांच्या. यातला फरक कुणाला माहीत नाही, म्हणून तर बोलायचं. घरात जे होतं ते सगळं सांगा."

कमलाक्षीने मान डोलावली आणि विनुता गेल्यावर नेमकं उलटं केलं. कोर्टात चार लोकांत आपल्या माणसाची शोभा होऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती रोज संध्याकाळी नवऱ्याला समोर बसवून शिकवू लागली. "विचारतील तेवढंच बोलायचं. हात जोडायचे. कुणाच्या केसांबद्दल काही म्हणायचं नाही." तारखेच्या दिवशी तिने त्यांना जरीकाठी वेष्टी नेसवली, कपाळाला गंध लावलं आणि रिक्षात घातलं.

शहाजीरावांनी कमाल केली. विमा कंपनीचे वकील रामस्वामी हे गोड बोलून गळा कापणारे गृहस्थ. त्यांनी नाव, हुद्दा, तारीख, तेराचा पाढा असं सगळं विचारलं. शहाजीरावांनी फाइल वाचून दाखवावी तशी उत्तरं दिली.

"प्रकृती कशी आहे?"

"ईश्वरकृपेने उत्तम."

रामस्वामी न्यायाधीशांकडे वळून नुसते हसले. कमलाक्षीचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि त्याच क्षणी तिला विनुताचा चेहरा दिसला. कढईतला साखरेचा पाक करपताना पाहावा तसा तो झाला होता. आपण काय करून बसलो, हे तिला आत्ता कुठे उमगलं.

मग तिची पाळी आली. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिची जीभ पुन्हा जुन्या वळणावर गेली.

"थोडे विसरतात," ती म्हणाली.

"थोडं नाही," मागच्या बाकावरून शहाजीराव म्हणाले. "परवा मला घर सापडलं नाही. पोलिसाने आणून सोडलं."

न्यायाधीशांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं. विनुताने पुढचा प्रश्न विचारला.

"कधी कधी रागावतात," कमलाक्षी म्हणाली. "सगळेच पुरुष रागावतात."

"मी सांबाराचं पातेलं फेकलं," शहाजीरावांनी दुरुस्ती केली. "हिच्या पायावर पडलं. डाग आहे अजून, दाखव की त्यांना."

"तुम्ही मध्ये बोलू नका," न्यायाधीश जरा चढ्या आवाजात म्हणाले.

शहाजीराव नम्रपणे उठले, हात जोडले. "क्षमा असावी. पण आमची वकील मुलगी सकाळी सर्टिफिकेट वाचत होती, तेव्हा तुम्ही झोपला होतात. तुमच्या खुर्चीवर पंख्याचा वारा चांगला लागतो. म्हणून म्हटलं, निदान आत्ताचं तरी ऐकून घ्या."

शिरस्तेदाराने खाली मान घातली. त्याचे खांदे हलत होते. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अपघाताआधीही हे असेच बोलायचे?" त्यांनी कमलाक्षीला विचारलं.

"नाही साहेब. आधी ते कुणाशीच बोलत नसत."

रामस्वामी लगबगीने उठले. त्यांच्या आवाजात मध होता. "मग अम्मा, यात नुकसान काय झालं? माणूस खरं बोलू लागला. असा नवरा मिळावा म्हणून बायका नवस करतात."

लोक हसले. कमलाक्षी हसली नाही.

"माझा नवरा रात्री जेवायला बसला की आधी पातेल्यात डोकावायचा," ती म्हणाली. "माझ्यापुरतं उरलंय का ते बघायला. बोलायचा नाही, पण बघायचा. आताचे हे पातेल्यातलं सगळं संपवून उठतात आणि मी उपाशी आहे हे यांच्या लक्षात येत नाही. खरं बोलतात, होय. पण बोलून कुणाला दुखवलं तर पूर्वी ते दोन दिवस झोपले नसते. आता दुखवलंय हेच कळत नाही. मी यांना टाकणार नाही साहेब. पण ज्याच्याशी माझं लग्न झालं तो माणूस बसने नेला, आणि ते मी गल्लीत कुणाला सांगितलं नाही. आज इथे सांगते आहे."

मग ती थांबली नाही. गॅस, पोलीस, पायावरचा डाग, ती यंत्रं, सगळं सांगितलं. रात्री दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपते, तेही सांगितलं. ते तर विनुतालाही माहीत नव्हतं.

शहाजीराव मन लावून ऐकत होते. ती थांबली तेव्हा ते शिरस्तेदाराकडे वळले. "बरोबर आहे ती सांगते ते," ते म्हणाले. "लिहून घ्या."

निकाल पोंगलच्या सुमारास लागला. रामस्वामींना नको होता तसाच लागला. नोकरीचं नुकसान धरलं, सोबतीला माणूस ठेवण्याचा खर्च धरला, आणि रक्कम बँकेत कमलाक्षीच्या सहीने राहील असा हुकूमही झाला. हप्तेवाल्यांना विनुताने एकेक नोटीस धाडली. एक यंत्र परत गेलं, दुसऱ्याची कंपनीच तोवर बुडाली होती. सकाळ-संध्याकाळ सोबत करायला एक निवृत्त पोस्टमन ठेवला. त्याला आणि शहाजीरावांना एकमेकांचे दोष सांगत गावभर फिरण्याची गोडी लागली.

गल्लीत सगळं आपोआप कळलं होतं. शेजारची राजम एका दुपारी येऊन म्हणाली, "अक्का, आम्हाला आधीच ठाऊक होतं. तुम्ही सांगत नव्हता म्हणून आम्ही विचारत नव्हतो." त्यानंतर कमलाक्षी दुपारी तासभर झोपू लागली, तेवढा वेळ राजम शहाजीरावांशी पत्ते खेळे आणि हरल्यावर आपल्या बुद्धीबद्दल त्यांचं मत ऐकून घेई.

उन्हाळ्यात तिरुवैयारुहून वासुकी नावाची एक बाई पत्ता विचारत आली. तिचा मुलगा गाणं शिकवत असे. स्कूटरवरून पडल्यापासून शिष्यांना मारतो, म्हणाली. मग लगेच सावरून, "तसं फार काही नाही हो, थोडा थकतो," असं म्हणाली.

कमलाक्षीने विनुताला निरोप पाठवला, ओट्यावर चटई टाकली आणि बाईच्या हातात कॉफी दिली.

"मारतो तेव्हा कशाने मारतो?" तिने विचारलं.

बाईने इकडे तिकडे पाहिलं. मग ती बोलू लागली, आणि विनुता येईपर्यंत कॉफी निवून गेली तरी बोलतच होती. कमलाक्षीने ती पुन्हा गरम करून आणली.