दोन हाकांच्या मधे

चष्मेवाल्यांचा आवाज मोठा भारदस्त. दुकानात भिंग बदलून "आता वाचा बरं" म्हणाले, की न दिसणाऱ्यालाही वाचावंसं वाटावं, अशी बायको त्यांची थट्टा करायची. तोच आवाज त्यांनी रेडिओच्या स्पर्धेसाठी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवला होता. हौशी रेडिओवाल्यांच्या या स्पर्धेत दोन दिवसांत जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं असतं. त्यासाठी सतत हाका मारत बसावं लागतं आणि घसा पार बसतो. म्हणून हाक एकदाच रेकॉर्ड करायची. बटण दाबलं की ती आठ सेकंद वाजते, चार सेकंद थांबते, पुन्हा वाजते. मधल्या चार सेकंदांत कोणी उत्तर दिलं तर आपण माइक उचलायचा. नियमात बसतं, सगळेच करतात.

रविवारी दुपारी बायकोने तिसऱ्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा ते हेडफोन काढून उठले. हाक चालूच ठेवली. फ्रिक्वेन्सी मोकळी दिसली की दुसरा कोणीतरी तिथे येऊन बसतो. चार घास कसेबसे पोटात ढकलून ते परत आले, तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

मंगळवारी त्यांच्या रेडिओ क्लबातल्या एका पोस्टमनचा फोन आला. "ऐकलंत का? रविवारी दोघे भाऊ होडीसकट बुडाले. थोरला जिवंत सापडला, धाकटा गेला. बिचारा रेडिओवर मदत मागत होता, आणि कोणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर ठाण मांडून स्पर्धेच्या हाका मारत होता. हटायलाच तयार नाही. शेवटी तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेला, तिथे अर्ध्या तासाने कोणीतरी ऐकलं. इतका निर्लज्ज कोण असेल हो?"

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला. परीक्षकांसाठी सगळी स्पर्धा रेकॉर्ड केलेली असते. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी ती अकरा मिनिटं लावली. आधी त्यांची स्वतःची हाक, अगदी ताजीतवानी. मग चार सेकंदांत एक बारीक आवाज, "...होडीत पाणी भरतंय..." पुन्हा त्यांची हाक. "...जरा थांबा, ऐका हो..." पुन्हा हाक. त्या आवाजाने विनवण्या केल्या, मग तो चिडला, मग नुसतेच ठिकाणाचे आकडे सांगत राहिला, आणि चष्मेवाले जेवून परत यायच्या आत तिथून गेला. प्रत्येक वेळी चष्मेवाले त्याच्यावर त्याच उत्साहाने ओरडत होते.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलं नाहीत तर कोणाला कळणार आहे?" आणि लगेच, "नाही, हे मी बोलायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी ते बचाव कार्यालयात गेले आणि रेकॉर्डिंग देऊन आले. तिथल्या अधिकारी बाईंनी जबाब लिहून घेतला. अर्धा तास आधी कळलं असतं तर तो वाचला असता का, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही." हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना जिना उतरताना वाटलं.

थोरला भाऊ सुतार होता. त्याच्या शेडमध्ये जाऊन चष्मेवाल्यांनी "नमस्कार" एवढंच म्हटलं आणि त्याचा रंधा जागच्या जागी थांबला.

"परत बोला," तो म्हणाला.

"मी... तुम्हाला भेटायला आलोय."

"तुम्हीच ते. मी खाली पाणी उपसत होतो. धाकटा वर काय बोलतोय ते कळत नव्हतं, पण तुमचा आवाज सारखा कानावर येत होता. जन्मात दिल्या नसतील इतक्या शिव्या घातल्या तुम्हाला."

"मी तिथे नव्हतोच. ते रेकॉर्डिंग होतं. मी जेवत होतो."

सुताराने रंधा खाली ठेवला. "म्हणजे आम्ही कोणाशी भांडत होतो?"

चष्मेवाल्यांनी बचाव कार्यालयात दिलेल्या रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं. सुताराने विचारलं, "त्याचा आवाज आहे तुमच्याकडे? सगळा?"

"तुकडे आहेत. आमचा सेट बोलत असतो तेव्हा ऐकत नाही."

"मग मधलं जे गेलं, ते आणून द्या."

त्यानंतर दोन महिने चष्मेवाल्यांनी तेवढं एकच काम केलं. स्पर्धेतून नाव काढून घेतलं, क्लबमध्ये स्वतः उभे राहून सगळं सांगितलं. पोस्टमनने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. स्पर्धेत असलेल्या जवळपास दीडशे जणांना त्यांनी पत्रं लिहिली: त्या वेळी त्या फ्रिक्वेन्सीवर तुमचं रेकॉर्डिंग चालू होतं का? बहुतेकांनी नाही म्हणून कळवलं. शेवटी दूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने आपल्याकडे होतं ते पाठवलं. तिला त्यांची हाक क्षीण आणि होडीचा आवाज थोडा बरा ऐकू आला होता. तिला वाटलं होतं, स्पर्धेतलीच कोणाची तरी बाचाबाची.

त्यातून एक बोलणं मात्र पुरं सापडलं. ते ऐकून चष्मेवाल्यांनी हेडफोन काढून ठेवले. हे सुताराला ऐकवायचं का, असं त्यांनी बायकोला विचारलं नाही, हेडफोन नुसते तिच्या पुढ्यात ठेवले. ऐकून ती म्हणाली, "एकदा त्याचं बोलणं आपल्यामुळे दाबलं गेलंय. पुन्हा नको."

सुताराने हात पुसून हेडफोन लावले. धाकटा म्हणत होता, "तळाची फळी सुटलीय. होडी दादाने बांधलीय, म्हणून ओंडका आदळला असं त्याला सांगितलंय."

सुताराने ते पुन्हा ऐकलं.

"फळी माझ्या पायाशीच होती," तो म्हणाला. "मला पहिल्यापासून दिसत होती. त्याला कळू नये म्हणून मीही ओंडकाच म्हणत होतो."

चष्मेवाले उभेच होते. सुताराने एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि रेकॉर्डिंग अगदी सुरुवातीपासून लावायला सांगितलं.